मशीन कुठं लावू?

सुंदराचा हात कापसाच्या गंजीबाहेर होता आणि बाकीची सुंदरा आत होती.

हात कोपरापर्यंत दिसत होता. मूठ आवळलेली होती आणि मनगट डावीकडं-उजवीकडं फिरत होतं. सरकी काढायच्या जिनिंग मिलमध्ये या खुणेचा अर्थ मशीन बंद कर. दुसरा अर्थ नाही. मी पंधरा वर्षं त्या मिलमध्ये काम केलं आहे, मला ती खूण झोपेतही कळली असती. आमच्या सिनेमात ती नव्हती. सिनेमात सुंदरानं फक्त चहा मागायचा होता.

मी तिच्यासमोर सात-आठ हातांवर बसले होते. माझ्या हातात चहाचा पेला होता. माझ्या बाजूला ऑपरेटर मोबाइल धरून उभे होते. मी खूण पाहिली, ओळखली आणि बसून राहिले.

का बसून राहिले हे कळायला ऑपरेटर काय माणूस होता ते आधी कळलं पाहिजे.

मानवतला माझं घर आहे. मागच्या अंगाला एक खोली आहे, ती मी भाड्यानं देते. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी हे गृहस्थ एक पत्र्याची पेटी आणि सहा गोल चपटे डबे घेऊन आले. वय सत्तरच्या पुढं. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही उन्हाळ्यात. त्यांनी नाव सांगितलं होतं, पण ते गल्लीत कुणी वापरलं नाही. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये त्यांनी उमर काढली होती, पडद्यामागं नाही तर पडद्यासमोरच्या मशीनवर. म्हणून सगळे ऑपरेटर म्हणायचे. ते डबे सिनेमाच्या रिळांचे होते. एकात ज्वारीचं पीठ, एकात गूळ, एकात गोळ्या-औषधं. सहावा डबा सुतळीनं बांधलेला असायचा.

भूक लागली की ते रिकामा डबा माझ्या उंबऱ्यावर पालथा ठेवून जायचे. पहिल्यांदा मला वाटलं मांजरानं आणून टाकला. तिसऱ्यांदा मी विचारलं.

"ऑपरेटर, जबान गहाण टाकली का? भाकरी पाहिजे म्हणून बोला की."

"बोललो असतो तर दिली असती का?"

"न्हाई."

"मंग डबा बरा."

भाकरी दिली की उपकार मानायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगण झाडलेलं दिसायचं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, की बाबा, झाडू नका, एकदा नुसतं बरं वाटलं म्हणा. ते पंधरा दिवस झाडायचे थांबले आणि म्हणालेही नाहीत.

टीव्हीवर माझी मालिका लागली की ते उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि हातानं दाखवायचे, आवाज बंद. एकदा मी खरंच बंद केला. सासू तोंड उघडत होती, मिटत होती. सून तोंड उघडत होती, मिटत होती.

"अर्ध्या घंट्यात सासूनं काय केलं, मालकीणबाई?"

"बोलली."

"आन काय केलं?"

"बोललीच."

"मंग तिला एवढे दागिने घालून कामून बसवलंय?"

तेव्हापासून माझी ती मालिका सुटली. मला त्यांचा राग आला होता.

निवडणुकीच्या सभेला ते कानात कापूस घालून जायचे. पहिल्या रांगेत बसायचे आणि पुढाऱ्याचे हात बघायचे. एकदा एका कार्यकर्त्यानं त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. "काका, भाषण चालू हाय, कान कामून बुजवलेत?" त्यांनी एका कानातला बोळा काढला, "काय म्हणलाव?" असं विचारलं, उत्तर येईपर्यंत बोळा परत घातला. गल्लीत सगळे हसले. मला काळजी वाटली, कारण तो कार्यकर्ता हसला नव्हता.

माणूस चांगला होता असं मी म्हणणार नाही. शेजारची पोर आईच्या मयतीवर गळा काढून रडत होती तेव्हा हे तिच्यापुढं उभे राहून म्हणाले, "आवाज लय हाय, पोरी. दिसंना काहीच." तिच्या मामानं त्यांना हात धरून बाहेर काढलं. मीच मामाला म्हटलं, आणखी लांब काढा.

पण त्यांच्या डोक्यात ते कुठून आलं होतं ते मला माहीत आहे. तंबूतला आवाजाचा डबा जुना होता. महिन्यातून दोनदा जळायचा. लोक शिट्ट्या मारायचे, दगड मारायचे, पैसे परत मागायचे. मालक म्हणायचा, रीळ चालूच ठेव. मग ते मुकाच सिनेमा चालवायचे आणि मशीनच्या भोकातून लोकांकडं बघायचे. कुठल्या जागी दगड थांबतात ते. ज्या जागी हिरो हिरॉइनला बोलून दाखवतो तिथं दगड जोरात यायचे. ज्या जागी म्हातारी गाठोडं सोडून त्यातलं काहीतरी परत काढून ठेवते, तिथं तंबूत सुई पडली तरी ऐकू यायची.

"माझी शाळा म्हणजे तो जळका डबा," ते म्हणायचे.

ताडकळसच्या बाजारातली एक गोष्ट लोक सांगतात. मी तिथं नव्हते, ऐकलेली आहे. खेळ चालू असताना वादळ सुटलं. तंबूचा एक खांब कलला. आवाज गेलेला, लाइट नाही, जनरेटरवर फक्त मशीन चालू. बायका-पोरं उठून एकाच दाराकडं धावली. मालक ओरडत होता, पण वाऱ्यात त्याचं कोण ऐकणार. ऑपरेटरनी आपला हात मशीनच्या उजेडात घातला. पडद्यावर खोलीएवढा काळा हात आला आणि त्याचं बोट मागच्या कनातीकडं वळलं. लोकांनी मागं बघितलं. मागची कनात दोऱ्या सोडून उचललेली होती, सगळा रस्ता मोकळा होता. चेंगराचेंगरी झाली नाही म्हणतात.

मी त्यांना विचारलं होतं, हे खरं का. त्यांनी हात दाखवला. तळव्यावर भाजल्याचा जुना चट्टा होता. मशीनचा दिवा गरम असतो म्हणे. आता चट्टा भाकरी करतानाही पडतो, त्यामुळं मी विश्वास ठेवला असं नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

सहाव्या डब्यात एक तुकडा होता. मुक्या सिनेमांच्या काळचा, दोन-तीन मिनिटांचा, ना सुरुवात ना शेवट. कुठल्या तरी दुसऱ्या रिळांबरोबर चुकून आलेला. नाव त्यांनाही माहीत नव्हतं. दाखवायला मशीन नव्हतं, म्हणून एका दुपारी त्यांनी माझं सूप उचललं, दाराशी मांडी घालून बसले आणि तो सिनेमा मला करून दाखवला. बाई तांदूळ निवडते. खडा काढते, टाकते. खडा काढते, टाकते. मग सुपावर सावली पडते. बाई वर बघत नाही. तिचा हात तेवढा थांबतो. मग ती पुन्हा खडे काढायला लागते, पण आता खडे सुपातच राहतात आणि तांदूळ खाली पडतात. संपलं.

दाढी वाढलेला म्हातारा माणूस, माझं सूप मांडीवर घेऊन बसलेला. मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"तुमाला कळलं की."

मला कळलं होतं.

मी चौथी शिकले आहे. लिहिता येतं, पण किराण्याच्या यादीपलीकडं कधी लिहिलं नव्हतं. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, माझ्या जन्मावर सिनेमा निघंल. सगळ्या बाया म्हणतात तसं. ते म्हणाले, मग लिहा. पानभर लिहा. आणि आणून एक वही दिली, तांबडी पेन्सील स्वतःकडं ठेवली.

मी नवरा गेला त्या दिवसाचं लिहिलं. मला फार दुःख झालं, माझ्यावर आभाळ कोसळलं, मी एकटी पडले. असं सगळं. चांगल्या अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी पान पुढं धरलं आणि प्रत्येक वाक्यावर पेन्सील टेकवून विचारलं,

"इथं मशीन कुठं लावू?"

"कसलं मशीन?"

"दुःख झालं म्हणायलाव. कुठं झालं? चुलीपाशी का माळवदावर? आभाळ कोसळलं म्हणायलाव. मी त्या दिवशी गल्लीत असतो तर मला काय दिसलं असतं?"

"बाईचं दुःख बघायला तिकीट लावलंय का तुमी?"

"तिकीट न्हाई. पर अंधारात बसवून नुसतं कानात सांगायलाव तुमी."

सगळं पान तांबडं झालं. मी वही त्यांच्या अंगावर फेकली. आठ दिवस त्यांचा पालथा डबा पालथाच राहू दिला. नवव्या दिवशी मीच वही आणली आणि लिहिलं. मी लिहिलं की नवरा पहाटे गेला तेव्हा नळाला पाणी आलं होतं. आठ दिवसांनी आलं होतं. मी आधी हौद भरला, मग घागरी भरल्या, मग नवरा प्यायचं पाणी ठेवायचा ते तांब्याचं भांडं घासून भरलं. नळ गेल्यावर शेजारणीला हाक मारली.

त्यांनी वाचलं. पेन्सील कानावर ठेवली. वही मिटून परत दिली.

"आता दिसलं," म्हणाले.

"काय दिसलं?"

"ते इचारू नका. इचारलं की सांगावं लागतं."

माझ्या पोरांना मी अजून ते पान दाखवलेलं नाही.

आता सुंदरा. सुंदरा ही माझी मिलमधली जोडीदारीण. माहेर पेडगावचं, दिली मानवतला. मी गुडघ्यापायी काम सोडलं, ती अजून हंगामात जायची. जिनिंगच्या मशीनचे पट्टे सुरू झाले की कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बाया हातानं बोलतात. पदराचं टोक कपाळाला लावलं की मुकादम आला. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावर थोपटलं की कुणीतरी गरवार आहे, आणि कोण ते नजरेनं दाखवायचं. सुंदराचे हात सगळ्यांत तिखट. एकदा तिनं मुकादमाला त्याच्या बायकोनं लाटण्यानं कसं हाणलं आणि तो बनियनवर गल्लीत कसा पळाला ते सगळं हातानं सांगितलं. मुकादम स्वतः समोर उभा राहून पोट धरून हसला. त्याला वाटलं दुसऱ्याचं आहे.

ती घरी आली की आम्ही अंगणाच्या दोन टोकांना बसूनसुद्धा हातानंच बोलायचो, सवय म्हणून. ऑपरेटरनी ते एकदा पाहिलं. भाकरीचा घास हातातच राहिला.

"मालकीणबाई, ही काय बोलायली?"

"तुमच्याबद्दल बोलायली."

"काय?"

"ते तोंडानं सांगण्यासारखं न्हाई."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग घास परत डब्यात ठेवला आणि म्हणाले, "लोकं जगभर शोधायलेत हे. आन हे इथं सरकीत पडलेलं."

दुसऱ्या महिन्यात त्यांनी जुना मोबाइल आणला. सिनेमा काढायचा. मुका. पाच मिनिटांचा. कुणासाठी, तर कुणासाठी नाही.

गोष्ट सोपी होती. बाई कामचुकार आहे. मुकादमाला चुकवून ती कापसात दडून झोपते. हात तेवढा बाहेर. हात जोडीदारणीकडं चहा मागतो. जोडीदारीण पेला हातात देते. हात पेला घेऊन कापसात जातो. थोड्या वेळानं रिकामा पेला बाहेर येतो आणि हात पुन्हा अंगठा ओठाला नेल्यासारखा करतो, अजून दे. ऐकून सुंदराच आधी लोळली.

"तोंड न्हाई का माझं त्यात, काका? एवढं चांगलं तोंड दिलंय देवानं."

"तोंड सगळ्यायला असतं. हात दे."

आम्ही अंगणात चादरीखाली सुंदराला निजवून सराव केला. लागतील तेवढ्या खुणा त्यांना शिकवल्या. चहा, मुकादम, अजून दे. मशीन बंद करायची खूण शिकवायचं आम्हाला सुचलं नाही, कारण सिनेमात मशीन बंद होणार नव्हतं.

मिलचे शेठ तंबूच्या काळापासून त्यांना ओळखायचे. एका दुपारी या म्हणाले, कामाच्या आड येऊ नका. मिलच्या आवारात कच्च्या कापसाच्या गंजी होत्या, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंच. मुकादमानं लांबून मला एका गंजीकडं दाखवलं आणि तळहात पालथा धरून त्याखाली दुसरा हात फिरवला. खालून पोकळ. म्हणजे कापूस मशीनकडं ओढून नेणाऱ्या पाइपला घालायला त्या बाजूनं बुडातून कापूस काढला होता, वरचा नुसता लटकून होता. मी ऑपरेटरच्या कानाशी जाऊन ओरडले, त्या अंगाला नको, खालून काढलंय. त्यांनी सूर्याकडं बोट केलं. ऊन त्याच बाजूला पडलं होतं. मी पुन्हा ओरडले नाही. सुंदरानं गंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि जाऊन आडवी झाली. तोंडावर पदर घेतला, वरून मी ओंजळी-ओंजळीनं कापूस टाकला.

पहिल्यांदा मी पेला देताना तोंडानं "घे" म्हणाले. आवाज येत नव्हता, पण ओठ हलले. पुन्हा. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा चहा सांडला. मग मी सारखी ऑपरेटरकडं बघत होते. सहाव्यांदा मी बोलावण्याच्या आधीच उठले. त्यांनी मला बाजूला नेलं आणि कानात म्हणाले, "तुमाला चार वर्षं शिकवायलोय. आज तुमी जागच्या हललाव तर मी समजंन की दगडाला शिकवलं. मी हात वर करीन, तवा उठा. तोवर मेल्या तरी उठू नका."

मला ते लागलं. मी मनात म्हटलं, आता बघच.

सातव्यांदा सुंदराचा हात बाहेर आला, अंगठा वर झाला, आणि गंज सरकली. धाडकन नाही, हळू सरकली, जशी दुधावरची साय सरकते. जिथं तिचं डोकं होतं तिथं कमरेएवढा कापूस आला. हात बाहेरच राहिला. ऑपरेटर मोबाइलमधून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं तो आनंद होता, ते मी खोटं लिहिणार नाही. त्यांना वाटलं असेल की न मागता चांगलं काही मिळालं.

मूठ आवळली. मनगट फिरलं. मशीन बंद कर. पुन्हा फिरलं. मशीन बंद कर.

मी हातात पेला धरून बसले. ते हात वर करतील याची वाट बघत बसले. मी नंतर कितीदा तरी तसं बसून श्वास मोजून पाहिले आहेत. सहा होतात. एकदा सात झाले.

मग मूठ सुटली आणि बोटं खाली लोंबली.

मी पेला टाकला आणि ओरडले, "दबली ती." ऑपरेटरनी डावा हात खाली दाबून दाखवला, बसा. मी मूठ आवळून मनगट फिरवलं. ती खूण त्यांना माहीतच नव्हती, ते कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघत राहिले. मी स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे वर केले. तेव्हा त्यांनी मोबाइलवरून नजर काढून सुंदराच्या हाताकडं पाहिलं.

मोबाइल तिथंच पडला. त्या वयाचा माणूस एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. माझा गुडघा उभा राहीपर्यंत ते गंजीच्या बुडाशी पोचले होते आणि दोन्ही हातांनी कापूस ओढत होते. खालून.

मिलमधलं शेंबडं पोरही खालून ओढत नाही. माणूस दबला तर बाजूनं जायचं, वरचा कापूस आडवा ढकलायचा, मग तोंड मोकळं करायचं. हे आम्हाला पहिल्या दिवशी दाखवतात. ते मिलचे नव्हते. मी ओरडत होते, खालून नको, बाजूनं या, बाजूनं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

वरचा लटकलेला भाग आला. तो सायीसारखा आला नाही.

बाहेरचे लोक म्हणतात कापूस हलका असतो. अंगावर आला की तो हलका नसतो, आणि तो हवा जाऊ देत नाही. आता सुंदराची बोटं दिसत होती, आणि दोन हात बाजूला एक पांढरा कॅनव्हासचा बूट दिसत होता. बूट हलत होता.

मी पुन्हा ओरडले, शेडकडं तोंड करून, जेवढी ताकद होती तेवढी लावून. पंधरा वर्षं जिथं कुणी तोंडानं बोललं नाही तिथं उभी राहून मी बोंबलत होते. म्हातारपणी घरात बसून माणूस पुन्हा तोंडानं बोलायला शिकतो. मग अक्कल आली. मी मोकळ्यात धावले, पाइपपाशी कापूस लोटणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर येईपर्यंत धावले, आणि मूठ डोक्यावर धरून फिरवली. त्यानं पाहिलं. त्यानं आत मूठ फिरवली. आतल्यानं आणखी आत. पट्टे उतरत गेले आणि मिल गप्प झाली.

माणसं येईपर्यंत मी परत गंजीपाशी होते. बाजूनं गेले. सुंदरा माझ्या जवळ पडत होती, बूट पलीकडं होता. मी सुंदराकडं गेले. जवळ होती म्हणून गेले का ती सुंदरा होती म्हणून गेले, हे मला कुणी विचारलेलं नाही. हातावरून खांदा शोधला, खांद्यावरून तोंड. पदर तोंडात गेला होता, तो ओढला. बोट घालून कापूस काढला, पुन्हा घालून पुन्हा काढला. तोंड जांभळं पडलं होतं. मी तिच्या गालावर दोन मारल्या, प्रेमाच्या नव्हत्या.

ती खोकली. मिल बंद असल्यामुळं तो खोकला सगळ्या आवारात ऐकू आला.

तोपर्यंत सात-आठ माणसं बुटापाशी लागली होती. ती तरबेज माणसं होती, दोन बाजूंनी आत गेली, एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. मुकादम वर चढून लटकलेला कापूस पलीकडं लोटत होता. मी सुंदराचं डोकं मांडीवर घेऊन बघत होते. बूट हलायचा केव्हा थांबला ते मला सांगता येणार नाही, मी तेव्हा सुंदराच्या तोंडात बोटं घालत होते.

त्यांना बाहेर काढून आडवं केलं. डोळ्यांच्या पापण्यांवर, दाढीत, कानात कापूस होता. मुकादमानं छाती दाबली, बराच वेळ दाबली. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि मिल बंद असूनसुद्धा हातानंच सांगितलं.

त्यानंतर मुकादमानं सगळ्यांना मोबाइल शोधायला लावलं. काहींना ते वाईट वाटलं. मला नाही वाटलं. मोबाइलचं लोखंड पट्ट्यात गेलं तर ठिणगी पडते आणि कापूस पेटतो. मोबाइल सापडल्यावर पट्टे चढवले.

पोलीस आले, शेठ आले, विचारून गेले. मी जे झालं ते सांगितलं. मुकादमानं मला सांगितलं होतं, मी ऑपरेटरला सांगितलं होतं, त्यांनी ऊन दाखवलं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. सहा श्वासांचं मी त्यांना सांगितलं नाही. सुंदरालाही नाही. ती दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं मला एवढंच विचारलं, "माझी खूण दिसली होती का, अक्का?"

"दिसली होती," मी म्हटलं.

तिनं पुढं विचारलं नाही. चहा मागितला, तोंडानं मागितला. मी दिला, ती प्याली.

तिला महिनाभर खोकला राहिला, मग गेला. यंदाही ती हंगामाला गेली.

त्या दिवशी गंजीखाली दोन माणसं गेली होती. सुंदरा जगली. ऑपरेटर जगले नाहीत.